मागे उभं असलेलं मँडोलिन

अमेरिकन रूट्स संगीताची, म्हणजे तिथल्या लोकपरंपरांतून वाढलेल्या संगीताची, चर्चा निघाली की ती हमखास एका वळणावर येऊन अडकते: तारवाद्यांवर वेगात वाजणाऱ्या ब्लूग्रास या प्रकाराचा जनक कोण, मँडोलिनवाला बिल मन्रो की बँजोवाला अर्ल स्क्रग्ज? मन्रोवाले १९३९ साल पुढे करतात. त्या ऑक्टोबरात तो ‘ब्लू ग्रास बॉइज’ घेऊन नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात रुजू झाला, आणि पुढे या सगळ्या संगीतप्रकारालाच त्याच्या बँडचं नाव पडलं. स्क्रग्जवाले म्हणतात, नाव राहू द्या, आवाज कधी आला ते सांगा. तो आला डिसेंबर १९४५ मध्ये, एकवीस वर्षांचा स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन त्याच बँडमध्ये उभा राहिला तेव्हा. मग दोन्ही बाजूंनी रेकॉर्डी काढल्या जातात, कुणाचा सोलो किती लांब, कुणाचा हात किती वेगवान याचे हिशेब होतात, आणि शेवटी कुणीतरी समजूतदारपणे म्हणतं की दोघंही थोरच होते. प्रश्न जिथल्या तिथे.

या वादात दोन्ही पक्ष एकच चूक करतात. दोघंही सोलो मोजतात. मँडोलिनचं मोठेपण मन्रोच्या वेगवान तानांमध्ये शोधलं, तर बँजोसमोर ते हरणारच आणि मग ‘मँडोलिन म्हणजे शोभेचं वाद्य’ या निष्कर्षाला आपणहून आमंत्रण मिळतं. पण चार मिनिटांच्या गाण्यात मँडोलिनवादक पुढे येऊन वाजवतो जेमतेम वीस-तीस सेकंद. उरलेला वेळ तो काय करत असतो? मागे उभा राहून दर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर एक कोरडा, छोटा ‘चक’ मारत असतो. याला तिथले वादक ‘चॉप’ म्हणतात. माझं म्हणणं असं, की मँडोलिनवादकांनी अमेरिकन संगीताला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट हा ‘चक’ आहे: ड्रमशिवाय बँड पळवण्याची युक्ती. आणि ती कुणा एका जनकाची नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभ्या असलेल्या तुणतुणेवाल्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, पण तो थांबला की शाहिराचा आवाज कसा उघडा पडतो, हे ज्याने ऐकलंय त्याला हा मुद्दा लगेच कळेल.

हा चक कसा निघतो ते आधी पाहू, कारण अर्धा वाद तिथेच सुटतो. मँडोलिनला आठ तारा, चार जोड्यांत. तारा सुरात लावायच्या त्या व्हायोलिनसारख्याच, खालून वर जी-डी-ए-ई. जी मेजर या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा, चॉप धरायचा तर जी तारेच्या सातव्या पडद्यावर करंगळी, डीच्या पाचव्यावर अनामिका, एच्या दुसऱ्यावर तर्जनी, ईच्या तिसऱ्यावर मधलं बोट. एकही तार मोकळी नाही, आणि सगळी मख्खी इथेच आहे. मोकळी तार झंकारत राहते, तिला डाव्या हाताने गप्प करता येत नाही; दाबलेली तार मात्र बोट सैल केलं की त्याच क्षणी मुकी होते. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वरून खाली मारायचा, जोर खालच्या जाड जोड्यांवर ठेवायचा, आणि स्वर उमटला न उमटला तोच डाव्या हाताचा दाब सोडायचा. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त सैल सोडायची. बोटांची हीच मांडणी दोन पडदे वर सरकवली की ए मेजर मिळतो. दुसऱ्या पडद्यापासून सातव्यापर्यंतचं अंतर मँडोलिनवर जवळजवळ आठ सेंटिमीटर भरतं. सरावाने हाताला जमतं. गिटारच्या लांब मानेवर याच दोन पडद्यांमध्ये चौदा सेंटिमीटरहून जास्त जागा असते, तिथे हा हात पसरत नाही. म्हणजे वाद्याचा लहानपणा ही इथे उणीव ठरत नाही, उलट त्याच्यामुळेच हे शक्य होतं.

बिघडतं कुठे, हेही बघण्यासारखं आहे. दाब उशिरा सोडला तर गिटारसारखा झणकार राहतो आणि तो गाणाऱ्याच्या शब्दांवर सांडतो. फार लवकर सोडला तर स्वरच नाही, नुसता खरखराट. कॉर्ड बदलली हे बासवाल्याशिवाय कुणाला कळत नाही. नवशिक्या सगळ्या आठ तारांवर सारखाच जोर लावतो आणि वरच्या ई तारांची किणकिण चकवर तरंगत राहते. पातळ, लवचीक पिक वापरला तर तो तारेवर वाकतो आणि ठोका पसरतो. म्हणून ही मंडळी दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, कोपरे गोल केलेला पिक वापरतात. घोडी फार खाली बसवली तर जोराच्या ठोक्याला तार पडद्यांवर आपटते. चार-पाच जण रिंगण करून वाजवायला बसले आणि त्यांत तीन मँडोलिनं निघाली, तर चॉप एकानेच करायचा, बाकीच्यांनी हात आखडता घ्यायचा, कारण तीन चक कधीच एका क्षणावर पडत नाहीत आणि मात्रेची कडच बोथट होते. वेग मिनिटाला २६० मात्रांचा असेल तर एक मात्रा पाव सेकंदाहूनही छोटी. तेवढ्यात कुणी किंचित मागे राहिला तरी सगळा बँड चिखलातून चालल्यासारखा वाटतो. आपला कान समेवर टाळी द्यायला सरावलेला. इथे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास चालतो आणि टाळी पडते ती त्याला चुकवून, मधल्या मोकळ्या जागेत. हे काम एरवी ड्रमर करतो. ऑप्रीच्या मंचावर ड्रमला बरीच वर्षं मज्जाव होता, आणि मन्रोला तर तो नकोच होता.

वाद्याची गोष्टही याच बाजूने साक्ष देते. मन्रोच्या हातातलं गिब्सन कंपनीचं एफ-५ मॉडेल १९२२ साली बाजारात आलं. ते घडवण्यामागे होता लॉइड लोअर, १९१९ ते १९२४ या काळात गिब्सनमध्ये असलेला, शास्त्रीय मैफलींचे संस्कार असलेला माणूस. त्याने अंडाकृती भोक काढून टाकून व्हायोलिनसारखी एफ आकाराची दोन भोकं आणली, मान लांबवून ती पंधराव्या पडद्याशी पोटाला जोडली, स्प्रूसची कोरीव तबकडी आणि मेपलची पाठ स्वराबरहुकूम घासून बसवली. हेतू काय होता? दिवाणखान्यातल्या आणि सभागृहातल्या मँडोलिन वाद्यवृंदांना दमदार, दूरवर पोचणारं वाद्य द्यायचा. पण तोवर ती हौसच ओसरली होती, लोक जॅझ आणि टेनर बँजोकडे वळले होते, आणि एफ-५ फारसं खपलं नाही. अंडाकृती भोकाच्या वाद्याचा स्वर गोल असतो, रेंगाळतो. त्यावर चॉप केला की ‘चक’ऐवजी ‘धम्म’ येतं. एफ भोकांच्या वाद्याचा स्वर झटकन उठतो, झटकन विरतो, आणि त्याला एक भुंकल्यासारखी धार असते. चॉपला नेमकं हेच हवं. ९ जुलै १९२३ ही लोअरच्या सहीची तारीख असलेलं एक एफ-५ मन्रोला १९४० च्या दशकाच्या मध्यात मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात विकायला ठेवलेलं दिसलं. लोअर १९४३ मध्येच वारला. आपण मैफलीसाठी घडवलेलं वाद्य पुढे कुणीतरी ताशासारखं बडवणार आहे, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर बळकट आहे. स्क्रग्ज येण्याआधीच्या मन्रोच्या रेकॉर्डी काढा. फेब्रुवारी १९४५ च्या ध्वनिमुद्रणात सॅली अ‍ॅन फॉरेस्टरचा अ‍ॅकॉर्डियन आहे, स्ट्रिंगबीनचा जुन्या पद्धतीचा बँजो आहे. गाणी चांगली आहेत, दौडही आहे, पण आज कुणाला ऐकवली तर तो त्यांना ब्लूग्रास म्हणेल का? बहुधा नाही. सप्टेंबर १९४६ च्या रेकॉर्डी मात्र कोणीही पहिल्या दहा सेकंदांत ओळखतो. मधल्या दीड वर्षात बदललं काय, तर गिटारवर लेस्टर फ्लॅट आला आणि बँजोवर स्क्रग्ज. ही गोष्ट नाकारणारा मन्रोभक्त आपल्या कानांशी खोटं बोलतो. या संगीताचा चेहरा स्क्रग्जने दिला, हे मी बिनशर्त मान्य करतो. दिसताक्षणी ओळख पटते ती चेहऱ्याने, यातही वाद नाही.

पण १९४८ मध्ये एक असा प्रयोग आपोआप घडला की कुठल्या संशोधकाला ठरवूनही तो मांडता आला नसता. फ्लॅट आणि स्क्रग्ज मन्रोला सोडून गेले आणि त्यांनी ‘फॉगी माउंटन बॉइज’ उभा केला. आता एकीकडे मन्रो आहे पण स्क्रग्ज नाही, दुसरीकडे स्क्रग्ज आहे पण मन्रो नाही. मन्रोकडे बँजोवाले बदलत राहिले, डॉन रेनो आला, रूडी लाइल आला, पुढे कितीतरी. प्रत्येकाने स्क्रग्जची पद्धत आपापल्या हाताने वाजवली आणि संगीत ब्लूग्रासच राहिलं. म्हणजे स्क्रग्ज हा माणूस अपरिहार्य नव्हता, त्याची पद्धत होती. आता दुसरी बाजू पाहा. मन्रोशी आपली तुलना नको म्हणून म्हणा किंवा बँजोला जागा हवी म्हणून म्हणा, फ्लॅट-स्क्रग्जनी मँडोलिनचे सोलो जवळजवळ बंद केले. कर्ली सेकलर हा त्यांचा मँडोलिनवादक वर्षानुवर्षं सोबत होता, वरच्या पट्टीतला आवाज देत होता, पण मँडोलिन घेऊन तो पुढे आला असं क्वचितच झालं. मग त्याच्या हातात ते वाद्य ठेवलंच कशाला? गळ्यासाठी ठेवलं होतं म्हणावं तर गायला वाद्य लागत नाही. सेकलर चॉप करत होता. ज्यांनी मँडोलिनची धून टाकून दिली त्यांनाही त्याचा ठोका टाकता आला नाही, याहून मोठा पुरावा दुसऱ्या बाजूकडून मिळायचा नाही.

इथे एक बारीक आक्षेप येतो आणि तोही रास्त आहे: फ्लॅटची गिटार, बास आणि स्वतः स्क्रग्ज मागे वाजवत असताना जे करायचा, त्यातूनही ठेका पुरेसा उभा राहायचा, १९५५ पासून तर जॉश ग्रेव्हजचा डोब्रो, म्हणजे आडवी धरून वाजवायची एक गिटार, आला, आणि त्या बँडमध्ये मँडोलिन आणखी मागे सरकलं. खरं आहे. पण बँजोवाला दुसऱ्याच्या सोलोमागे काय वाजवतो ते कान देऊन ऐका. तो मानेवर वर सरकून बंद कॉर्ड धरतो आणि बासच्या मधल्या जागेत आखूड, दाबलेले ठोके देतो. म्हणजे बँजो त्या वेळी चॉपचंच काम करतो. डोब्रोवालासुद्धा डाव्या हाताने तारा दाबून तोच चक काढतो. मँडोलिनवादक सोलोसाठी पुढे गेला की मागे कुणीतरी त्याची जागा धरतो. ती जागाच मुळी मँडोलिनने आखून दिलेली आहे. वाजवणारा बदलतो, काम तेच राहतं.

मन्रोवाल्यांनाही सुखाने झोपू द्यायचं कारण नाही. ज्या गाण्यावर मन्रोने ऑप्रीत पाऊल रोवलं ते जिमी रॉजर्सचं खेचरवाल्याचं गाणं १९४० मध्ये अटलांटात ध्वनिमुद्रित झालं, त्यात मन्रोच्या हातात मँडोलिन नाहीच. तो गिटार वाजवतोय. गाणं रॉजर्सपेक्षा कितीतरी वेगाने धावतं आणि ती धाव गिटारच्या ठोक्यातून येते. म्हणजे मन्रोच्या डोक्यात आधी लय होती आणि ती कुठल्या वाद्यात बसवायची हे तो नंतर शोधत होता. बंद कॉर्ड आखूड तोडून वाजवण्याची पद्धतही त्याने शून्यातून काढलेली नाही. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये १९३७ पासून फ्रेडी ग्रीन गिटारवर दर मात्रेला तसेच कोरडे ठोके देत होता, आणि टेक्सासच्या वेस्टर्न स्विंगमधले गिटारवाले त्याच वाटेने चालले होते. मन्रोने काय केलं, तर ते चार ठोके दोनवर आणले, ते बासच्या मधोमध बसवले आणि ज्याचा आवाज फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजोच्या कल्लोळातूनही चिरत जाईल अशा वाद्याकडे ते काम सोपवलं. एकाच मायक्रोफोनसमोर सगळा बँड वाजवत असे त्या काळात मागे सरकलेल्या मँडोलिनचा टोकदार ठोका तरीही पोचायचा. गिटारचा पोचला नसता. ही रचना मोठी आहे, पण तिला शोध म्हणण्यापेक्षा मांडणी म्हणावं.

आणि हे वाद्य त्याच्याकडे आलं कसं? केंटकीतल्या रोझिनजवळच्या शेतावर आठ भावंडांत बिल धाकटा, नजर अधू. थोरल्या बर्चने फिडल घेतलं, चार्लीने गिटार; उरलं ते मँडोलिन बिलच्या वाट्याला, तेही फार आवाज नको म्हणून आठपैकी चार तारा काढून. आवाज करू नकोस म्हणून ज्याच्या वाद्याच्या तारा काढल्या, त्याने पुढे त्याच वाद्याचा ड्रम केला. मानसशास्त्र लढवायचा मोह इथे होतो. तो टाळलेला बरा.

दुसरा आक्षेप मुळांचा आहे. मँडोलिन हे नेपल्सचं वाद्य, मग त्याला अमेरिकन ‘रूट्स’मध्ये बसवायचं कशाला? खरीच आहे ही परदेशी वंशावळ. १८८० मध्ये स्पॅनिश विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद अमेरिकेत आला, त्यांच्या हातात होते बँदुरिया, म्हणजे मँडोलिनसारखी दिसणारी स्पॅनिश तारवाद्यं. त्यांची लोकप्रियता पाहून तिथल्या इटालियन वादकांनी मँडोलिन घेऊन तसेच वृंद उभे केले आणि बघता बघता गावोगाव, कॉलेजोकॉलेजी मँडोलिन मंडळं निघाली. टपालाने माल धाडणाऱ्या दुकानांच्या सूचिपत्रांतून स्वस्त मँडोलिनं डोंगराळ भागातल्या घरांतही पोचली. पण वंशावळच बघायची तर त्या बँडमधलं कुणाचं मूळ अमेरिकेत आहे? बँजोची कुळी आफ्रिकेतली, गिटार स्पेनची, फिडल युरोपचं. आपल्याकडे पेटीचं काय झालं आठवा. युरोपातून आलेलं वाद्य, त्यात मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत कीर्तनातली, भजनातली, नाटकातली पेटी कुठे थांबली होती? वाद्य कुठून आलं यापेक्षा त्याने इथे येऊन कोणतं काम अंगावर घेतलं यावरून त्याचं घर ठरतं. मँडोलिनने ठेक्याचं घेतलं. नेपल्समध्ये ते काम त्याच्याकडे कधीच नव्हतं. तिथे त्याचा जीव ट्रेमोलोत, म्हणजे एकाच स्वरावर पिक झरझर हलवून तो लांबवण्यात. आपल्या हिंदी चित्रपटगीतांत लक्ष्मीकांत कुडाळकरांसारख्यांच्या हातून जे मँडोलिन मराठी कानांना ओळखीचं झालं, त्याचा ओढाही लांबवलेल्या, लडिवाळ स्वराकडेच. त्यामुळे आपल्या श्रोत्याला मन्रोचा आवाज पहिल्यांदा ऐकताना जरा खडखडीत वाटतो, त्यात नवल नाही.

पण मुळांची गोष्ट काढलीच आहे तर ती पुरती काढू. मन्रो की स्क्रग्ज या वादात एक अख्खी बाजू गैरहजर असते: कृष्णवर्णीय मँडोलिनवादकांची. डॅलस स्ट्रिंग बँडचा कोली जोन्स १९२७ मध्ये मँडोलिनवर रॅग, म्हणजे तुटक ठेक्याची नाचरी धून, वाजवताना ध्वनिमुद्रित झालेला आहे, मन्रोच्या पहिल्या रेकॉर्डीच्या नऊ वर्षं आधी. टेनेसीतल्या ब्राउन्सव्हिलचा यँक रेचल १९२९ मध्ये ब्लूज गायक स्लीपी जॉन एस्टिससोबत मेम्फिसला रेकॉर्ड झाला. लहानपणी त्याने आईने पाळायला दिलेलं डुकराचं पिल्लू देऊन मँडोलिन घेतलं होतं. घरात काय गहजब झाला असेल ते सांगायला नको. रेचलचं वाजवणं ऐका: वरून खाली मारलेले जड ठोके, घसरत धरलेला कोमल गंधार, गाण्याच्या ओळीला मधेच दिलेलं उत्तर. पुढे मन्रोच्या ब्लूज वळणाच्या तुकड्यांत जे ऐकून लोक थक्क होतात त्याची भाषा ही आहे. हॉवर्ड आर्मस्ट्राँग, कार्ल मार्टिन, चार्ली मकॉय ही नावंही याच रांगेतली. खुद्द मन्रोने हे ऋण लपवलेलं नाही. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादकाबरोबर तो पोरवयात गावच्या नाचांना साथ करायचा, आणि त्याचं नाव तो आयुष्यभर घेत राहिला. विसरले ते नंतरचे लोक. त्यालाही एक व्यवहारी कारण आहे. १९२० च्या दशकापासून रेकॉर्ड कंपन्यांनी माल विकण्यासाठी दोन याद्या केल्या, काळ्या गिऱ्हाइकासाठी ‘रेस’ आणि गोऱ्यासाठी ‘हिलबिली’. पुढच्या संग्राहकांनी त्या याद्या इतिहास म्हणून वाचल्या. दुकानदाराची फळी म्हणजे काही वंशवृक्ष नव्हे, पण शंभर वर्षं आपण तसंच वागतो आहोत.

‘जनक’ हा शब्द कधी रुजला तेही पाहण्यासारखं आहे. १९५० च्या दशकाअखेरीस मन्रोचं नाव मागे पडलं होतं. कॉलेजातल्या लोकसंगीतप्रेमी पोरांना माहीत होता तो स्क्रग्ज. १९६३ मध्ये राल्फ रिन्झलरने ‘सिंग आउट!’ या नियतकालिकात लेख लिहून मन्रोला ब्लूग्रासचा बाप ठरवलं, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये कार्लटन हेनीने व्हर्जिनियातल्या फिन्कॅसलला भरवलेल्या पहिल्या मोठ्या ब्लूग्रास महोत्सवात मन्रोच्या जुन्या साथीदारांना एकेक करून त्याच्या शेजारी उभं करत तीच कथा मंचावर मांडली. लेख मुद्देसूद होता, महोत्सव थोर होता. दोन्हीमुळे एका म्हाताऱ्या होत चाललेल्या वादकाला न्याय मिळाला. तरी रिन्झलर स्वतः मँडोलिनवादक होता, ही बाब जाता जाता नोंदवून ठेवायला हरकत नसावी.

अतिरेक दुसऱ्या टोकालाही होतो. एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५४ मधल्या पहिल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला मन्रोचं गाणं आहे आणि त्यातही ड्रम नाही; मन्रोला १९९७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पूर्वसूरी म्हणून स्थान मिळालं. यावरून रॉकचा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठोका मँडोलिनमधून आला असं सांगणारे भेटतात. नाही आला. तो ऱ्हिदम अँड ब्लूजच्या ड्रमरांकडून आला, चर्चमधल्या टाळ्यांतून आला. मँडोलिन आणि ते एकाच विहिरीचं पाणी प्यायले, एवढंच म्हणता येतं. तसंच बँजोकडून मँडोलिनने घेतलेलंही कबूल करावं लागतं: जेसी मॅक्रेनल्ड्स या मँडोलिनवादकाने तीन जोड्यांवर आळीपाळीने पिक फिरवून स्क्रग्जच्या बोटांचा प्रवाह मँडोलिनवर उतरवला, आणि ती पद्धत आज प्रत्येक गंभीर विद्यार्थी शिकतो. देवघेव दोन्हीकडून झालेली आहे.

ठोक्याचा प्रवास मात्र ऐकायचा असेल तर १९७० नंतरच्या मंडळींकडे जावं लागतं, कारण त्यांनी ब्लूग्रासची बाकी सगळी अंगं एकेक करून सोडली. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ या बँडमध्ये मँडोलिनवादक सॅम बुशने चॉपच्या मधल्या जागा हलक्या खरडीने भरल्या आणि त्याला रॉक-रेगेचा झोल दिला. डेव्हिड ग्रिसमन या दुसऱ्या मँडोलिनवादकाने तर १९७७ च्या आपल्या पंचकातून गाणं काढून टाकलं, बँजो काढून टाकला, सुरावट जॅझकडे वळवली. राहिलं काय? ड्रम नसलेला बँड आणि त्याला पुढे ढकलणारा तो चक. बँजोशिवाय ब्लूग्रास नाही असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं इथे खरंच ठरतं, ग्रिसमनचं संगीत ब्लूग्रास नव्हतंच. पण म्हणूनच ते उदाहरण मोलाचं आहे. ठोका आपल्या संगीतप्रकारातून बाहेर पडूनही जगला.

आणि तो वाद्यातूनही बाहेर पडला. रिचर्ड ग्रीन हा व्हायोलिनवादक १९६६ मध्ये मन्रोच्या बँडमध्ये आला. चॉप व्हायोलिनवर आणण्याचं श्रेय त्याला दिलं जातं: गज मुठीजवळ धरायचा आणि ओढण्याऐवजी वरून तारांवर टाकायचा, म्हणजे स्वराऐवजी खरखरीत ‘चक’ येतो. शास्त्रीय शिक्षकाने पाहिलं तर तो गज हातातून काढून घेईल, अशी ही कृती. ग्रिसमनच्या पंचकात व्हायोलिन वाजवणाऱ्या डॅरल अँगरने ती पुढे नेली, आणि १९८५ मध्ये तो ‘टर्टल आयलंड स्ट्रिंग क्वार्टेट’च्या स्थापनेत होता. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. त्या चौघांत ना मँडोलिन होतं ना बँजो, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर कुणाचा ना कुणाचा गज तारांवर पडत होता.